दिगंबरास, लॉस एंजेलिसच्या तयारीबद्दल

प्रिय दिग्या,

उत्तराला फार उशीर झाला. तू दोनदा निरोप पाठवलास आणि मी गप्प राहिलो, रागावला असशील तर हक्क आहे तुझा. तब्येत बरी आहे, गोळ्या चालू आहेत, बाकी सांगण्यासारखं काही नाही. मंजूताईला नमस्कार सांग.

नवी घडीची, बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर घेतलीस आणि 2028 च्या ऑगस्टात पॅरालिंपिक बघायला जायचं नक्की केलंस, हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! टोकियोच्या वेळी प्रेक्षकांना दारंच बंद होती, पॅरिस तुला जमलं नाही. आता जायलाच हवं. पण पत्रातल्या एका ओळीपाशी मी अडलोय. तू लिहितोस, "दोन लिथियम बॅटऱ्या, प्रत्येकी 24 व्होल्ट, 10 अँपिअर-अवर, म्हणजे 240 वॅट-अवर. मर्यादा 300 ची आहे, काळजी मिटली." दिग्या, माझी काळजी नेमकी तिथूनच सुरू झाली.

विमानात 300 ची मर्यादा आहे ती एका बॅटरीवर चालणाऱ्या खुर्चीला. खुर्ची चालायला दोन बॅटऱ्या लागत असतील, तर मर्यादा प्रत्येकी 160 वॅट-अवर. तुझी 240 ची जोडी त्यात बसत नाही. काउंटरवरच्या माणसाने नियम नीट वाचला, तर बॅटऱ्या तिथेच राहतील. आणि बॅटरीशिवाय ती खुर्ची घेऊन तिकडे उतरून करायचं काय? मात्र यातच एक वाट आहे. खुर्ची एका वेळी एकाच बॅटरीवर चालत असेल आणि दुसरी नुसती जोडीला असेल, तर दुसरी 'सुटी' बॅटरी धरतात, आणि 300 च्या आतली एक सुटी बॅटरी नेता येते. म्हणजे त्याच दोन बॅटऱ्या, पण कागदावर काय लिहिलंय यावर सगळं अवलंबून. आजच एक बॅटरी काढून बघ, खुर्ची चालते का. चालली तरी तेवढ्यावर थांबू नकोस. खुर्ची बनवणाऱ्या कंपनीकडून लेटरहेडवर लिहून घे: मॉडेलचं नाव, बॅटरीचा प्रकार, व्होल्ट, अँपिअर-अवर, वॅट-अवर, आणि खुर्ची एका बॅटरीवर पूर्ण चालते हे वाक्य. लेबलवर वॅट-अवर छापलेलं नसेल, तर काउंटरवर कोणी तुझ्यासाठी गुणाकार करत बसणार नाही. दोन्ही लागत असतील, तर 160 च्या आतल्या बॅटऱ्या मिळतात का ते आत्ताच विचार. पल्ला कमी होईल, पण प्रवास तरी होईल.

घडीच्या खुर्चीत बॅटरी काढून केबिनमध्ये न्यायचीच असते. टोकांना चिकटपट्टी, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत, आणि ती पिशवी हातातच. चेक-इनच्या सामानात चुकूनही टाकू नकोस. सुहासची जुनी जड खुर्ची वेगळी होती. तिची बॅटरी सांगाड्यात पक्की बसवलेली, म्हणून ती खुर्चीतच राहायची. त्याचा अनुभव तुला लागू पडत नाही. तो छातीठोकपणे सांगेल, ऐकू नकोस.

विमान निवडतानाही खुर्ची आधी, भाडं नंतर. तू म्हणतोस ती दोन थांब्यांची स्वस्त वाट मला पटत नाही. प्रत्येक थांब्याला खुर्ची एकदा चढते, एकदा उतरते, आणि मोडतोड होते ती याच चढउतारात. एकच थांबा घे, आणि मध्ये निदान तीन तास ठेव. विमानातून तुला सगळ्यात शेवटी उतरवतात, त्यातच बराच वेळ जातो. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं असेल, तर बॅटरीची परवानगी विमान उडवणाऱ्या कंपनीची लागते. प्रत्येक टप्प्यासाठी ती ईमेलवर लेखी घे. फोनवर मिळालेल्या 'हो'ला काउंटरवर काही किंमत नाही.

बुकिंग झालं की लगेच दोन नोंदी करून घे. एक तुझी: डब्ल्यूसीएचसी, म्हणजे आसनापर्यंत अजिबात चालता येत नाही. नुसतं 'व्हीलचेअर हवी' सांगितलंस तर डब्ल्यूसीएचआर पडतं, त्याचा अर्थ जिने चढता येतात, आणि मग विमानाच्या दाराशी आसनापर्यंत नेणारी अरुंद खुर्चीच आलेली नसते. दुसरी नोंद खुर्चीची: लिथियम बॅटरीवर चालणारी, घडी केल्यावर लांबी-रुंदी-उंची, बॅटरीशिवाय वजन. निघायच्या 48 तास आधी फोन करून दोन्ही नोंदी दिसतात का ते पुन्हा विचार. आणि खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरायची, उतरल्यावरही दाराशीच हवी, हे टॅगवर लिहून घे. नाहीतर ती सामानाच्या पट्ट्यावर जाते आणि तुला विमानतळाच्या खुर्चीवर ताटकळत बसवतात.

आता जरा आपलं जुनं भांडण. तू अजून म्हणतोस की एफ64 च्या (म्हणजे कृत्रिम पाय लावून खेळणाऱ्यांच्या) भालाफेकीत एफ44 वाल्याला (पायात दोष, पण कृत्रिम पाय न लावणाऱ्याला) उतरवणं अन्याय आहे. पॅरिसमध्ये सुमित अंतिलने 70.59 मीटर टाकून सुवर्ण राखलं आणि एफ44 चा संदीप चौधरी टोकियोसारखाच पुन्हा चौथा आला, तेव्हा मलाही चुटपुट लागली. पण खेळाडू कमी असले की वर्ग एकत्र करावेच लागतात, नाहीतर त्या वर्गाची स्पर्धाच होत नाही. माझं मत तेच आहे. भेटलो की पुढचं भांडू.

निघायच्या दिवशीचं सांगतो. जॉयस्टिक, पायपाट, डोक्याची टेकण, जे जे सुटतं ते काढून केबिनच्या पिशवीत घाल. जॉयस्टिक निघत नसेल तर आत वळव आणि फुग्यांच्या प्लास्टिकने जाड गुंडाळ. मोडते ती तीच. गादी कधीही खाली देऊ नकोस, ती स्वतःच्या आसनावर घे. हवेची गादी असेल तर वर गेल्यावर केबिनचा दाब कमी होतो आणि ती फुगून टणक होते, थोडी हवा सोडायची, उतरल्यावर परत भरायची. खुर्ची हाताने ढकलता यावी म्हणून मोटारी सुट्या करायच्या कळा कुठे आहेत तिथे ठळक बाण चिकटव. कळ कशी फिरवायची हे कळलं नाही की माणसं खुर्ची फरफटत नेतात. आणि कळ सुटी असताना ब्रेक लागत नाही, उतारावर खुर्ची आपोआप घरंगळते, हेही त्याच कागदावर लिही. कागद एकच पान, फोटोसकट: इथे धरून उचला, इथे धरू नका. प्लास्टिकमध्ये घालून पाठीला बांध. खुर्ची हातात देण्यापूर्वी चारही बाजूंनी व्हिडिओ काढ.

मोडलीच तर? विमानतळ सोडण्यापूर्वी तक्रार नोंदव आणि तिचा क्रमांक घे. नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत गेली पाहिजे. विमानप्रवासाच्या 1999 च्या माँट्रियल करारात खुर्ची सामानातच मोजली जाते आणि भरपाईची कमाल मर्यादा प्रवाशामागे 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), साधारण दोन हजार डॉलर. तुझ्या खुर्चीची किंमत तूच जाणतोस. म्हणून चेक-इनच्या वेळी खुर्चीची खरी किंमत लिहून 'विशेष घोषणा' करायची. कंपनी त्याचं शुल्क मागू शकते, द्यायचं. मग मर्यादा त्या जाहीर रकमेची होते. हा अर्ज काउंटरवरच्या सगळ्यांना माहीत असतो असं नाही, तो आधी ईमेलने मागवून ठेव.

मैदानावरचं थोडक्यात, कारण तिथे तू माझा गुरू. स्पर्धा 15 ते 27 ऑगस्ट. तिकीट सत्राचं असतं, खेळाडूचं नसतं, आणि कुठल्या वर्गाची अंतिम फेरी कुठल्या सत्रात ते उशिरा पक्कं होतं. पदकं सकाळच्या सत्रातही ठरतात, म्हणून फक्त संध्याकाळची तिकिटं घेऊ नकोस. व्हीलचेअरची जागा तिकीट काढतानाच निवड, साधं तिकीट काढून तिथे बदलून घेऊ म्हणशील तर जागा उरलेली नसते. अमेरिकी कायद्याने त्या जागेला लागून तीनपर्यंत सोबतीच्या जागा मागता येतात, म्हणजे तिघंही तुझ्याशेजारी बसू.

बसून करायच्या फेकी बघायच्या ठरवल्यास तर दुर्बीण घे आणि वेळ हाताशी ठेव. प्रत्येकाची बसून फेकायची चौकट आधी जमिनीला पट्ट्यांनी आवळतात, मग खेळाडूचे पाय, मांड्या, कंबर आवळतात, आणि तो आपल्या सगळ्या फेकी सलग टाकतो. बाहेरून रटाळ वाटतं, पण खेळ तिथेच आहे: कुठला पट्टा किती घट्ट, चौकटीच्या खांबावर हात कुठे, फेकताना बूड उचललं गेलं का. उचललं की फेक बाद. शेवटची फेक पडली म्हणून उठायचंही नाही. पॅरिसमध्ये एफ41 च्या (कमी उंचीच्या खेळाडूंच्या) भालाफेकीत इराणचा सादेग बेत सायाह पहिला आला होता, नंतर तो अपात्र ठरला आणि 47.32 मीटरवाल्या नवदीप सिंगचं रौप्य सोन्याचं झालं. टोकियोत विनोद कुमारचं थाळीफेकीतलं कांस्य अपंगत्वाच्या वर्गीकरणाच्या फेरतपासणीत गेलं, ते तर तुला माझ्यापेक्षा जास्त लागलं होतं.

गोलबॉल (हाही अंधांचाच चेंडूचा खेळ) आणि अंधांच्या फुटबॉलला चेंडू खेळात असेपर्यंत अगदी गप्प, कारण खेळाडू चेंडूचा आवाज ऐकून खेळतात. तुझा गळा आम्हाला माहीत आहे. सुहास तुझ्या शेजारीच बसणार आहे, तोंडावर हात ठेवायला.

व्हिसाचं लवकर बघ, मुलाखतीची तारीख मिळायलाच वेळ लागतो. व्हिसासाठी स्पर्धेच्या तिकिटाची वाट बघू नकोस.

चिनूच्या निकालाचं कळलं, तिचं मनापासून अभिनंदन. घराच्या डागडुजीचं काय झालं? आणि कंपनीचं पत्र आलं की आधी मला पाठव, मी शब्द न् शब्द वाचतो, मगच विमानाचं बुकिंग कर.

तुझा,
अवी

ता. क. चार्जरच्या मागे 'इनपुट 100–240' लिहिलंय का बघ. तिकडे 120 व्होल्ट आहे. नुसतं 230 लिहिलं असेल तर खाचांचा अडॅप्टर लावूनही चार्जिंग होणार नाही, दुसरा चार्जरच लागेल. तो कंपनीकडून पत्राबरोबरच मागव.