नकलेच्या पाठीवरच्या तीन तारखा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी पहाटे तू चहा न घेताच निघालीस. स्टँडवर मी खिडकीखाली उभा होतो आणि तू मोबाईलमध्ये कोर्टाचा दिवसाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघत होतीस. गाडी हलली तेव्हा हात केलास, तेवढ्यावर मी घरी आलो. आई दोन दिवस माझ्याशी धड बोललेली नाही. म्हणते, पोरगी कोल्हापुरात खोली घेऊन एकटी वकिली करायला निघाली आणि तुम्ही तिची कामाच्या तारखांची डायरी तपासायला बसलात. खरं आहे. डायरी मागायला नको होती. दादूच्या सासरची माणसं समोर बसलेली असताना तर नकोच होती.

त्या भांडणाबद्दल लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

तुला माहीत नसेल, पण १८ ऑगस्ट २०२५ला कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, त्या दिवशी मी टीव्हीसमोरून उठलो नाही. कोर्टात निकालाच्या नकला देण्याच्या कामाला होतो तेव्हा किती माणसं रात्रीच्या गाडीनं मुंबईला जाताना बघितली. धोतरातली, भाकरी फडक्यात बांधून घेतलेली. दिवसभर हायकोर्टाच्या जिन्यात बसायचं आणि संध्याकाळी कळायचं की बोर्डावर होतं पण रीच झालं नाही, नंबरच आला नाही. परत रात्रीची गाडी. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी त्यासाठी चाळीस वर्षांवर आंदोलनं केली. आमच्या कोरेगावच्या बारनं लाल फिती लावल्या की कोर्टात शुकशुकाट व्हायचा आणि मी मागच्या खोलीत राहिलेल्या नकला उरकायचो. आज सीपीआर दवाखान्यासमोरच्या त्या इमारतीत माझी मुलगी बँड लावून उभी राहते. हे मी कुणाला सांगत नाही, पण तुझा काळ्या कोटातला फोटो पेन्शनच्या पासबुकात ठेवलाय. बँकेतल्या बाईंनी विचारलं, तेव्हा सांगितलं.

पैशाचं विचारत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४मध्ये परिपत्रक काढलं होतं, ज्युनिअरला शहरात निदान २०,००० आणि गावाकडं १५,००० द्यावेत म्हणून. ते कात्रण माझ्याकडे आहे. साताऱ्यात तुला किती मिळत होते, हे तू कधी बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. आता तर महिन्याचं कुणी देणार नाही. गरजूंना फुकट वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव घालता येतंय का बघ. फी थोडी असते, पण माणसं खरी गरजू येतात. बायकांना तिथं उत्पन्नाची अट नाही, हे आपल्याकडच्या अर्ध्या बायकांना ठाऊक नसतं. कुणी सांगितलं तरच येतात.

आणि जुनी पुस्तकं विकू नकोस. बारच्या लायब्ररीत एआयआर आणि महाराष्ट्र लॉ जर्नलचे निकालांचे खंड असतील तिथं जाऊन बसत जा. कॉम्प्युटरवर शोधलं की हवं तेवढंच सापडतं. खंड उघडला की शेजारचा निकालही नजरेखालून जातो. एआयआर आपल्या नागपूरहून निघतं, हे मी तुला पाचवीत सांगितलं होतं. तू विचारलं होतंस, मग नागपूरला सगळे वकीलच राहतात का?

बघ, विषय सोडून भलतीकडे गेलो.

रविवारी तू म्हणालीस, "बाबा, प्रकरणाचा सीएनआर नंबर टाकला की ॲपवर सगळं दिसतं, डायरी कशाला?" मी चिडलो आणि नीट बोलता आलं नाही. आता सांगतो. जे दाखल झालंय त्याची पुढची तारीख ॲप दाखवतं, रोजनामा दाखवतं, सगळं मान्य. पण जे अजून दाखल व्हायचंय त्याला सीएनआर नसतो. अशील निकाल घेऊन येतो, कागद तुझ्या कपाटात जातात, आणि त्या क्षणापासून जे दिवस चाललेत ते कुठल्याच पडद्यावर दिसत नाहीत. जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवस, हायकोर्टात ९०. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. हे मी तुला शिकवावं असं नाही, परीक्षा तू दिलीस. नवी न्याय संहिता आली तेव्हा ३०२चं १०३ झालं आणि ४२०चं ३१८, हे मलाच तू शिकवलंस. माफ कर. पण लिहून ठेव. हातानं.

नकलेच्या पाठीवर तीन तारखा असतात. अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. अर्जापासून तयार होईपर्यंतचे दिवस मुदतीतून वजा होतात. तयार होऊन आमच्या टेबलावर पडून राहिली ते दिवस वजा होत नाहीत, ते अशिलाचे जातात. एकवीस वर्षं मी त्या तीन तारखा घातल्या.

आत्याच्या विहिरीकडच्या सोळा गुंठ्यांच्या दाव्याच्या नकलेवरही मीच घातल्या.

तुला घरात एवढंच ऐकायला मिळालं की वकिलांनी उशीर केला. ते खरं आहे. वकील आता नाहीत, नाव काढत नाही. त्यांचा कारकून नक्कल घेऊन गेला आणि ती कपाटात राहिली. अपील गेलं तेव्हा मुदत संपून ५२ दिवस झाले होते. विलंब माफीच्या अर्जात पुरेसं कारण लिहावं लागतं, आणि कपाट हे काही कारण नाही. अर्ज नामंजूर झाला. पण मधे राखीपौर्णिमा होती, मनू. आत्या घरी आली होती, तुला झबलं घेऊन. कर्मचाऱ्यानं पक्षकाराला सल्ला देऊ नये, हे मी तेव्हाही म्हणत होतो, पुढंही म्हणत राहिलो. पण पाटावर राखी बांधून घेताना मी कर्मचारी नव्हतो. "अपील टाकलं का गं?" एवढंच विचारायचं होतं. त्या दिवशी नऊ दिवस शिल्लक होते. ते मी नंतर मोजले.

आत्यानं मला एकदाच विचारलं, "तुला कळत होतं ना रे?" पुढच्या वर्षीपासून ती राखी पोस्टानं पाठवायला लागली.

करोनात सुप्रीम कोर्टानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ एवढे दिवस सगळ्यांच्या मुदतीतून वगळले. तो आदेश मी पेपरात तीनदा वाचला आणि उगाचच आत्याचा विचार करत बसलो.

म्हणून डायरी मागितली. तुझ्यावर विश्वास नाही, असं नाही गं. तू माझ्यापेक्षा नीटनेटकी आहेस. पण तुझ्याकडे जे येतील त्यांच्या घरी तारखा मोजणारं कुणी नसेल.

आईनं तिळाची चटणी आणि मेतकूट दिलंय, गाडीवाल्याबरोबर पाठवतो. त्याच पिशवीत लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे. आखून दिलीय, चार रकाने आहेत: निकाल, नकलेचा अर्ज, नक्कल तयार, शेवटचा दिवस. नको असेल तर दुधाचा हिशेब लिही, मी विचारणार नाही.

रात्री झोपत जा. खोलीला आतून कडी आहे ना?

तुझा,
बाबा

ता. क. तू बोलताना त्या माणच्या म्हाताऱ्यांच्या सेकंड अपिलाच्या तारखा सांगितल्या होत्यास. मोजायचं नाही म्हटलं होतं, पण मोजले. नकलेचे अकरा दिवस वजा करून नव्वदावा दिवस रविवारी येतो. सोमवारी चालेल, मुदत कायद्याचं कलम ४ आहे. तू गुरुवारीच दाखल कर.