पंप बदलण्याआधी व्हॅक्यूम मोजा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बोट धक्क्यावर उत्तम सुरू होते, आयडलिंगला तक्रार नसते, पण बाहेर जाऊन पूर्ण रेस दिली की मिनिटभरात इंजिन धापा टाकू लागते. रेस कमी केली की पुन्हा सुरळीत. इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) इंजिनात इंधनाचा दाब कमी पडल्याची ही नेहमीची खूण. तिच्यावर नेहमीचा इलाजही ठरलेला आहे: पंप बदला. नवा पंप बसतो, बोट पुन्हा पाण्यात जाते आणि त्याच ठिकाणी तशीच अडते. पंपाला दोष देण्याआधी दोन गेज लावावेत, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

मोटारीतला पंप बहुधा टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. इनबोर्ड बोटीत पंप इंजिनाजवळ असतो; टाकीच्या वरच्या तोंडातून, लांबलचक नळीतून त्याला पेट्रोल ओढून आणावे लागते. म्हणून पंपाच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला, कुठेही अडथळा आला किंवा हवा शिरली तर पुढचा दाब पडतो. दाब पडलेल्या अवस्थेत इंजिन दामटले तर मिश्रण लीन होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते), नॉकिंग म्हणजे इंजिनात ठोके सुरू होतात आणि पिस्टन जळू शकतो. त्यामुळे 'थोडे अडखळते, पण चालते' म्हणून बोट तशीच पळवू नये.

आधी सुरक्षितता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत साचते. तिथली हवा बाहेर फेकणारा पंखा, म्हणजे ब्लोअर किमान 4 मिनिटे चालवा, तरीही नाकाने वास घेऊन खात्री करा. तेलाच्या आगीवर चालणारे अग्निशामक हाताशी ठेवा. इंजेक्शनच्या इंजिनात पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग बॅटरीचा स्विच बंद करून रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या) तपासणी व्हॉल्व्हभोवती फडके धरून उरलेला दाब सोडा.

आता पहिला गेज दाबाचा, पंपाच्या पुढे, इंजेक्शनच्या इंजिनात रेलवर. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला साधारण 3 ते 7 पीएसआय (दाबाचे एकक) लागतात, थ्रॉटल बॉडी इंजेक्शनला 30 च्या आसपास, मल्टिपोर्टला (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) मॉडेलप्रमाणे 35 ते 60. नेमका आकडा त्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलाच धरावा. दुसरा गेज व्हॅक्यूमचा, म्हणजे ओढीचा, पंपाच्या इनलेटवर टी-जोड टाकून. खरे तर हाच जास्त बोलतो, पण तो क्वचितच कुणी लावते. पेट्रोल इंजिनात 3000 आरपीएमपर्यंत इथे 2 इंच पाऱ्यापेक्षा, म्हणजे सुमारे 7 किलोपास्कलपेक्षा जास्त ओढ दिसता कामा नये. टी-जोडाजवळ पेट्रोलला टिकणारी पारदर्शक नळी वीतभर घातली तर बुडबुडेही दिसतात. ती चाचणीपुरतीच, काम झाले की काढून टाका.

दोन्ही गेज एकत्र वाचायचे. रेलवर दाब कमी आणि इनलेटवर ओढ जास्त, तर वाट पंपाच्या अलीकडे तुंबली आहे. दाब कमी, ओढ कमी आणि नळीत बुडबुडे, तर कुठून तरी हवा शिरते आहे. दाब कमी, ओढ कमी आणि नळी स्वच्छ भरलेली, तरच पंप, त्याची वायरिंग किंवा दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर यांच्याकडे वळा. ही चाचणी लोडखाली व्हायला हवी. जमिनीवर, नळाचे पाणी देऊन चालवलेले इंजिन लोड घेतच नाही, त्यामुळे तिथे सगळे आकडे छान दिसतात आणि दोष निसटतो. पाण्यावर एकाने सुकाणू धरावे, दुसऱ्याने गेज वाचावेत.

ओढ जास्त दिसली तर सर्वात सोपी तपासणी टाकीच्या झाकणाची. बोट थांबवून झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन पुन्हा दम धरू लागले, तर टाकीची हवेची नळी मीठ, कचरा किंवा किड्यांच्या घरट्याने बंद झाली आहे. तसे नसेल तर टी-जोड एकेक टप्पा टाकीकडे सरकवा: फिल्टरच्या अलीकडे, मग टाकीच्या तोंडाशी. जिथे ओढ एकदम कमी होते, त्या जागेच्या आणि आधीच्या जागेच्या मधे अडथळा आहे.

टाकीच्या तोंडाशी असलेल्या अँटी-सायफन व्हॉल्व्हबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. त्यात एक छोटी गोळी आणि स्प्रिंग असते. नळी टाकीतल्या पातळीच्या खाली कुठे फुटली तर पेट्रोल आपोआप वाहत बिल्जमध्ये जाऊ नये, यासाठी ती असते. गंज किंवा चिकट थर बसला की गोळी पूर्ण उघडत नाही आणि ओढ वाढते. मग काही जण ती गोळी काढूनच टाकतात! इंजिन पळते, पण नळीला चीर गेली की टाकीतले पेट्रोल इंजिनाखाली जमा होऊ शकते. कृपा करून असे करू नका. व्हॉल्व्ह साफ करा किंवा त्याच मापाचा नवा बसवा.

नळीही फसवते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या होजचा आतला थर सुटतो आणि ओढ लागताच पडद्यासारखा वाट अडवतो. बाहेरून होज धडधाकट दिसते, काढून फुंकली तरी हवा आरपार जाते. कापल्यावरच कळते. नवी घेताना तिच्यावर आयएसओ 7840 सारखी सागरी वापराची छाप पाहून घ्या.

हवा शिरणाऱ्या जागा कोरड्या असतात, म्हणून त्या सापडत नाहीत. ओढीच्या बाजूला गळती बाहेर येत नाही, हवा आत जाते. क्लॅम्प, जोड आणि विशेषतः फिल्टरचे रबर बघा. जुना फिल्टर काढताना त्याचे रबर वरच्या बैठकीला चिकटून राहते आणि नव्या फिल्टरचे त्यावर बसते. दोन रबरांमधून इंजिन हवा घेते. बैठक पुसून, नव्या रबराला तेलाचा हात लावून फिल्टर हातानेच आवळा. काढलेल्या फिल्टरमधले पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून 10 मिनिटे ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे, आणि मग दोष टाकीपर्यंत जातो.

पक्की खात्री हवी असेल तर वेगळ्या टाकीवर इंजिन चालवा. 20-25 लिटरची आउटबोर्डची टाकी उघड्या डेकवर ठेवून (इंजिनाच्या कप्प्यात मुळीच नको) 3/8 इंची नळीने थेट पंपाला जोडा. बारीक नळी वापरली तर चाचणीच फसते. दाब पूर्ववत झाला तर पंप निर्दोष आहे.

तरीही दाब कमी असेल तर पंप चालू असताना त्याच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घट असेल तर हिरवे पडलेले जोड, अर्थ आणि रिले साफ करा. विजेचा पंप असलेल्या काही इंजिनांत पंपाला ऑइल प्रेशर स्विचमधून वीज मिळते. तो स्विच गेला की सेल्फ मारताना इंजिन चालू होते आणि किल्ली सोडली की बंद पडते. रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी असेल तर आयडलिंगला ती काढून पाहा. दाब 5 ते 10 पीएसआयने चढला पाहिजे. नळीत पेट्रोल दिसले तर पडदा फाटला आहे.

पंप खरोखरच गेला असेल तर सागरी वापराचाच घ्या. मोटारीचा विजेचा पंप ठिणगीरोधक असेलच असे नाही. मेकॅनिकल सागरी पंपाला दोन पडदे असतात आणि मधल्या जागेतून एक पारदर्शक नळी निघते. त्या नळीत पेट्रोल दिसले की बोट बाहेर काढू नये.

डिझेलमध्ये तर्क हाच, आकडे वेगळे. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लिफ्ट पंपाचा दाब जेमतेम काही पीएसआय असतो आणि तिथे हवेचा त्रास जास्त. जोड आवळल्यावर नळ्यांत अडकलेली हवा (एअर) काढावीच लागते. फिल्टरवर व्हॅक्यूम गेज बसवलेला असेल तर ओढ 7 ते 10 इंच पाऱ्याकडे गेली की फिल्टरचा आतला भाग, म्हणजे एलिमेंट बदला. त्यावर काळा चिकट थर असेल तर टाकीही साफ करा. कॉमन रेल इंजिनाच्या उच्च दाबाच्या नळ्या मात्र चालू इंजिनावर सैल करू नका. त्यातून सुटलेली धार कातडीत घुसते.

काम संपल्यावर किल्ली चालू करून, इंजिन न चालवता, प्रत्येक जोड कोरडा आहे ना ते त्यावर हाताचे बोट फिरवून बघा, मग ब्लोअर लावून इंजिन सुरू करा. त्या दिवशीचा रेलवरचा दाब आणि इनलेटची ओढ, दोन्ही आकडे आरपीएम आणि तारखेसह इंजिनाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलना त्यांच्याशीच करायची आहे.

कळावे,
इनबोर्ड इंजिनांचे काम करणारे काही वाचक