कार्यभार सोडण्याआधी

सोलापूर, १७ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

गड्ड्याच्या यात्रेला घरी आलो आणि पेढे घेऊन आपल्याकडे आलो, तेव्हा ‘मी काय केले, दोन कागद आणून दिले’ एवढेच बोलून आपण विषय बदललात. म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहितो आहे, कारण सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत ज्या घरांतली मुले कंपनीने काढून दिलेल्या व्हिसावर परदेशात आहेत, त्या घरांनाही आपण काय केलेत ते कळायला हवे. आपल्या इच्छेप्रमाणे नाव मात्र लिहिलेले नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत डॅलसमधले माझे प्रोजेक्ट संपले आणि कंपनीने मला ‘बेंच’वर, म्हणजे पुढच्या कामाची वाट पाहत, बसवून पगार थांबवला. एच-१बी, म्हणजे कंपनीने अमेरिकेतल्या नोकरीसाठी काढून दिलेल्या, व्हिसावरच्या माणसाला, कंपनीकडेच काम नसले तरी, कबूल केलेला पगार द्यावाच लागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. नुसता राग होता. मार्चअखेरीस दुसऱ्या कंपनीने नोकरी देऊ केली, त्याच दिवशी राजीनामा पाठवून मोकळे व्हायचे मी ठरवले आणि तसे वडिलांना फोनवर सांगितले. त्यांनी फोन आपल्या हाती दिला. अमेरिकेचा कायदा आपल्याला माहीत नाही, असे आपण आधीच स्पष्ट केलेत. पण सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत उभी हयात गेलेल्या माणसाने विचारावा तोच प्रश्न आपण विचारलात : ‘नव्या जागेचा आदेश हातात आहे का? नसेल, तर जुन्या जागेचा कार्यभार सोडायचा नाही.’

दुसऱ्या दिवशी नव्या कंपनीच्या वकिलांनी जे समजावले, ते याहून फारसे वेगळे नव्हते. नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस तेथे राहता येते, आणि आय-९४ ची, म्हणजे तिथल्या मुक्कामाच्या परवानगीच्या नोंदीची, मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाही. ही सवलतसुद्धा २०१७ पासूनची. त्या दिवसांत नव्या कंपनीने श्रम खात्याकडून पगाराविषयीचा अर्ज प्रमाणित करून घ्यायचा, त्यात ७ कामकाजाचे दिवस जातात, आणि मगच पिटिशन, म्हणजे मला त्या व्हिसावर नोकरीला ठेवण्याच्या परवानगीचा अर्ज, दाखल करायचे. २००० सालच्या कायद्यामुळे ते दाखल होताच नव्या ठिकाणी रुजू होता येते आणि या व्हिसाच्या मर्यादित जागांसाठी निघणाऱ्या लॉटरीत पुन्हा नाव घालावे लागत नाही, हे खरे. परंतु माझ्याकडे दोन महिन्यांच्या पेस्लिप नव्हत्या, आणि त्या काळातला माझा मुक्काम नियमात होता का, अशी शंका निघाली असती, तर पिटिशन मंजूर होऊनही मला एकदा देशाबाहेर जाऊन परत यावे लागले असते. तेव्हा जादा शुल्काची, १५ कामकाजाच्या दिवसांत निकाल देणारी सोय घ्यायची आणि मंजुरी आल्यावरच राजीनामा द्यायचा, असे ठरले. म्हणजे आपलाच क्रम.

त्यात पदवीचे घोंगडे अडकले. पहिल्या वेळी झालेल्या पदवी-मूल्यांकनाची (इकडची पदवी तिकडच्या कोणत्या पदवीच्या तोडीची, या दाखल्याची) प्रत जुनी कंपनी देईना, म्हणून नवे मूल्यांकन करणे आले. माझ्या प्रमाणपत्रावर ‘सोलापूर विद्यापीठ’ आणि आजच्या कागदांवर ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’; ही दोन विद्यापीठे की एकच, असे मूल्यांकन करणाऱ्यांनी विचारले. २००४ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचे नाव २०१९ मध्ये बदलले, हे सोलापुरात कोणालाही ठाऊक आहे, पण तिकडे त्याला कागद लागतो. एप्रिलच्या त्या उन्हात आपण स्कूटरवरून तीनदा केगावला विद्यापीठात गेलात, बंद लिफाफ्यातली गुणपत्रके घेतलीत आणि नामबदलाच्या अधिसूचनेची प्रतही मिळवलीत. ती प्रत मी मागितली नव्हती. मला ती सुचलीच नव्हती.

यापेक्षाही मोठे उपकार वडिलांच्या बाबतीतले आहेत. जुन्या कंपनीच्या इकडच्या शाखेतून त्यांना फोन येऊ लागले की मुलाने बाँड मोडला तर पैसे घरच्यांनी भरावे लागतील. मुदतीआधी नोकरी सोडली म्हणून दंड वसूल करायला एच-१बीच्या नियमांत मनाई आहे. खरोखर झालेल्या नुकसानीची वाजवी, आधी ठरलेली भरपाई तेवढी मागता येते, आणि दंड कोणता व भरपाई कोणती हे तिथल्या राज्याच्या कायद्याने ठरते. हे मला वकिलांकडून उशिरा कळले. तोवर आपण रोज रात्री साडेनऊला, म्हणजे माझ्या सकाळी अकराला, आमच्या घरी येऊन बसत होता आणि फोन आला की ‘जे असेल ते लेखी पाठवा’ एवढेच वडिलांना बोलायला लावत होता. लेखी काहीही आले नाही. आई सांगते, त्या दिवसांत वडील आपण येऊन गेल्यावरच जेवत.

मंजुरी आल्यावर मी राजीनामा दिला आणि दोन आठवड्यांनी नव्या ठिकाणी रुजू झालो. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का जुन्या कंपनीच्या नावाचा असताना परत कसा जाणार, असे परवा शेजारी विचारत होते. शिक्क्याची मुदत शिल्लक आहे आणि सोबत नवे मंजुरीपत्र आहे, तेवढे पुरते.

थकलेल्या दोन महिन्यांच्या पगाराची तक्रार मी १२ महिन्यांच्या मुदतीत तिथल्या श्रम खात्याकडे दिली आहे. ती कामासाठी हजर असल्याच्या ज्या ईमेल आपण तारीखवार लावून ठेवायला सांगितल्या होत्या, त्यांच्यावरच उभी आहे. निकाल लागला की आपल्या फायलीसाठी एक प्रत पाठवीन. पेट्रोलचे आणि झेरॉक्सचे पैसे आपण घेतले नाहीत, ते मात्र माझ्या हिशेबात अजून येणे बाकी म्हणूनच लिहिलेले आहेत.

आपला आज्ञाधारक,
शेजारचा मुलगा