नदीच्या आलेखावरचा आकडा हाताने लिहू नये

प्रति,
मा. संपादक,

विषय : पाणीपातळी व धरणसाठ्याच्या आलेखांवरील आकडे

महोदय,

पावसाळा सुरू झाला की आपल्या दैनिकाच्या सांगली पानावर कृष्णेची पाणीपातळी आणि धरणांतील साठा दाखवणारे आलेख येऊ लागतात. नदीकाठच्या गल्ल्यांमधली माणसे सकाळी मुख्य बातमीच्याही आधी ते आलेख पाहतात. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही पूर ज्यांनी पाहिले, आणि त्यांतल्या २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलेले ज्यांनी अनुभवले, त्यांच्या दृष्टीने आलेखावरचा एक आकडा म्हणजे सामान माडीवर चढवायचे की नाही, याचा निर्णय असतो. म्हणूनच त्या आकड्यांविषयी, म्हणजे संगणकाच्या भाषेत ज्यांना डेटा लेबल म्हणतात त्यांच्याविषयी, काही गोष्टी सविस्तर लिहीत आहे. मी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना स्प्रेडशीट, म्हणजे एक्सेलसारखे आकड्यांचे तक्ते, शिकवते आणि आमच्या भागातील रहिवाशांसाठी पावसाळ्यात पाणीपातळीचा आलेखही तयार करते.

त्या आलेखात एकदा माझ्याकडूनच मोठी चूक झाली. दर तासाला कळणारी पातळी मी एकाच रकान्यात भरत होते. ३९ फूट ८ इंच म्हणजे ३९.८ आणि ३९ फूट ९ इंच म्हणजे ३९.९, अशी ती नोंद चालली होती. पुढच्या तासाला पाणी आणखी एक इंच चढले, म्हणून मी ३९.१० लिहिले. स्प्रेडशीटने शेवटचे शून्य गाळून त्याचे ३९.१ केले, आलेखाची रेषा खाली वळली आणि तिच्या टोकाला ३९.१ असे लेबल उमटले. नदी चढत होती आणि माझा आलेख ती उतरल्याचे सांगत होता. तो आलेख पाहून शेजारच्या घरातल्यांनी धान्याची पोती वर नेण्याचे काम थांबवले. काकूंनी मला येऊन सांगितले, “बाई, पाणी उतरायला लागलं म्हणं, देवानंच पाहिलं.” तेव्हा मी फाईल पुन्हा उघडून पाहिली आणि चूक लक्षात आली. तासाभरात ती दुरुस्त झाली आणि त्या दिवशी कोणाचे नुकसान झाले नाही, पण तो ३९.१ आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

फूट आणि इंच यांचा हिशेब बाराचा असतो आणि दशांश चिन्हाचा दहाचा, एवढीच या चुकीमागची गोष्ट आहे. ४० फूट ६ इंच म्हणजे ४०.६ फूट नव्हे, तर ४०.५ फूट. आपल्या दैनिकातील आलेखांवरही अधूनमधून ४०.६ अशी लेबले दिसतात आणि शेजारच्या बातमीत मात्र ४० फूट ६ इंच असे छापलेले असते. दोन्हींतील फरक जेमतेम इंचभराचा असला, तरी १० आणि ११ इंचांना जो गोंधळ होतो तो इंचभराचा राहत नाही.

यावरचा उपाय सोपा आहे. फूट एका रकान्यात आणि इंच दुसऱ्या रकान्यात भरावेत. तिसऱ्या रकान्यात इंचांना १२ ने भागून फुटांत मिळवण्याचे सूत्र द्यावे आणि आलेखाची रेषा या तिसऱ्या रकान्यावरून काढावी. चौथ्या रकान्यात पहिल्या दोन रकान्यांवरून “४० फूट ६ इंच” असा मजकूर सूत्रानेच जुळवून घ्यावा आणि लेबलात हा मजकूर दाखवावा. रेषा एका रकान्यावरून आणि लेबल दुसऱ्यावरून, पण दोन्हींचे मूळ एकच, अशी ही रचना आहे. मजकूर दशांशातून उलटा काढू नये, कारण तसे केल्यास पूर्णांक करताना कधीतरी “३९ फूट १२ इंच” असे लेबल निघते.

आता मुख्य मुद्दा. एक्सेलमध्ये आलेखावरील लेबलावर दोनदा क्लिक करून त्यात हवे ते टाइप करता येते, आणि ज्यांच्या हाताशी वेळ कमी असतो ते नेमके हेच करतात. लेबल दिसायला व्यवस्थित होते, पण त्याच क्षणी त्याचा सेलशी, म्हणजे तक्त्यातल्या चौकटीशी, असलेला संबंध तुटतो. दुसऱ्या दिवशी तीच फाईल उघडून सेलमध्ये नवी पातळी भरली की रेषा हलते, मात्र हाताने लिहिलेले लेबल कालचाच आकडा धरून बसते. घाईच्या वेळी हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पाहणारा रेषा पाहत नाही, आकडा वाचतो. ज्या कार्यालयांतून आपल्याकडे असे आलेख येतात, तिथे रोज तीच फाईल पुढे चालवण्याची पद्धत असते, आणि अशी शिळी लेबले मी छापील पानावर एकाहून अधिक वेळा पाहिली आहेत.

म्हणून लेबले लावण्याचे काम कोडने करावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. एक्सेलच्या मॅक्रोत, म्हणजे एक्सेलकडून काम करून घेणाऱ्या व्हीबीए भाषेतल्या छोट्या कोडमध्ये, मालिकेचा (आलेखातल्या एका रेषेच्या आकड्यांचा) ‘हॅज डेटा लेबल्स’ हा गुणधर्म ‘ट्रू’ केला की त्या मालिकेच्या प्रत्येक बिंदूला लेबल लागते. त्यानंतर एक ते बिंदूंच्या संख्येइतके आवर्तन (लूप) चालवून प्रत्येक बिंदूच्या लेबलाला त्याच्या ओळीतील चौथ्या रकान्याचा सेल जोडता येतो. इथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा. कोडने लेबलाच्या ‘टेक्स्ट’मध्ये नुसता मजकूर भरला, तर तोही हाताने लिहिल्यासारखाच गोठतो आणि मॅक्रो पुन्हा चालवेपर्यंत जुनाच राहतो. त्याऐवजी लेबलाच्या ‘फॉर्म्युला’त सेलचा पत्ता दिला, तर सेल बदलताच लेबल बदलते. एक्सेल २०१३ पासून लेबलांसाठी सेलची पूर्ण पट्टी एकदम निवडण्याची सोयही आहे, पण अशी फाईल त्याआधीच्या आवृत्तीत उघडली की लेबलाच्या जागी चौकटी कंसात ‘सेलरेंज’ एवढाच इंग्रजी शब्द दिसतो. आपल्याकडच्या अनेक कार्यालयांत जुन्या आवृत्त्या अजून वापरात असल्याने मी एकेका लेबलाला सेल जोडण्याचीच रीत वापरते.

या आवर्तनात एक खड्डा आहे. मॅक्रो लिहिणाऱ्या माझ्या प्रत्येक तुकडीतला कोणी ना कोणी त्यात पडतो, म्हणून तो इथे सांगते. तक्त्याला फिल्टर लावून काही ओळी लपवल्या, की एक्सेल त्या ओळी आलेखातूनही वगळते. मग आलेखातला पाचवा बिंदू म्हणजे तक्त्यातली पाचवी ओळ राहत नाही. कोड मात्र मोजत मोजत पाचव्या बिंदूला पाचव्या ओळीचे लेबल लावतो, आणि तिथून पुढची सगळी लेबले एकेक घर सरकतात. पहाटे तीनची पातळी चारच्या बिंदूवर बसते. आलेख नीटनेटका दिसतो, लेबलांचे आकडेही तक्त्यातलेच असतात, त्यामुळे ही चूक नजरेला जवळजवळ सापडत नाही. आवर्तन सुरू करण्यापूर्वी बिंदूंची संख्या आणि ओळींची संख्या ताडून पाहावी, आणि ती जुळत नसेल तर मॅक्रोने काम थांबवून तसे सांगावे, अशी दोन ओळींची तपासणी मी माझ्या विद्यार्थ्यांना सक्तीची केली आहे.

सगळ्याच बिंदूंना लेबल हवे असते असेही नाही. चोवीस तासांच्या चोवीस नोंदींना “४० फूट ६ इंच” अशी लांब लेबले लावली तर ती एकमेकांवर चढतात आणि एकही वाचता येत नाही. शेवटची नोंद, त्या दिवसातली सर्वांत वरची नोंद, आणि पाणी इशारा किंवा धोका पातळी ओलांडते ती पहिली नोंद, एवढ्यांनाच लेबल पुरे, बाकीची कोडने काढून टाकावीत. इशारा आणि धोका पातळीच्या दोन आडव्या रेषा काढण्यासाठी ४० आणि ४५ हे आकडे दोन स्वतंत्र मालिका म्हणून घ्यावेत आणि त्यांच्या फक्त शेवटच्या बिंदूला मालिकेचे नाव लेबल म्हणून लावावे. म्हणजे “धोका पातळी ४५ फूट” हे शब्द त्या रेषेवरच येतात आणि वाचकाला रंगांची सूची शोधत बसावे लागत नाही. एखाद्या तासाची नोंद मिळाली नसेल, तर त्या ओळीतल्या तिसऱ्या रकान्यातले सूत्रही काढून तो सेल मोकळा ठेवावा. तिथे शून्य आले, तर रेषा थेट तळाला जाते आणि शून्याचे लेबल लागते.

वृत्तपत्राच्या कागदासाठी लेबलांचे रूप वेगळे ठरवावे लागते. पडद्यावर दहा पॉइंटाचा आकडा ठळक दिसतो, पण तोच आलेख एका स्तंभाच्या रुंदीत बसवला की अक्षर निम्म्यावर येते, आणि देवनागरीत तर मात्रा व उकार शाईने भरून जातात. धोका पातळीवरचे लेबल कोडने लाल करणे सोपे आहे, पण आतली पाने कृष्णधवल असतात, तिथे लाल आणि काळा एकच, म्हणून अशा लेबलाला ठळक अक्षरही द्यावे. फॉन्ट युनिकोड असावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये भरलेला मराठी मजकूर लेबलात गेला आणि कोडने त्या लेबलाचा फॉन्ट बदलला, तर वाचकाला इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते. आपल्या बातम्यांत अंक देवनागरी असतात आणि आलेखावर इंग्रजी, हेही टाळता येते. नंबर फॉरमॅटच्या, म्हणजे संख्या कशी दिसावी हे ठरवणाऱ्या साच्याच्या, सुरुवातीला चौकटी कंसात भाषेची खूण दिली की अंक देवनागरी दिसतात आणि सेलमधली संख्या मात्र संख्याच राहते. त्याच फॉरमॅटमध्ये अवतरणचिन्हांत “फूट” किंवा “टीएमसी” (पाण्याचे अब्ज घनफूट) लिहिले, की एकक आपोआप लागते. आकड्यापुढे एकक हाताने टाइप करणाऱ्यांना मी कळकळीने सांगते की, असे केल्याने ती संख्या मजकूर होते आणि मग आलेखात तिच्या जागी शून्य येते.

बाजारभाव आणि कर्जाच्या रकमांच्या आलेखांबाबतही एक शब्द. हजार-लाख-कोटीचे स्वल्पविराम बऱ्याचदा त्या संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवर अवलंबून असतात. एका संगणकावर १२,३४,५६७ दिसणारी रक्कम दुसऱ्यावर १,२३४,५६७ अशी दिसते. लाख आणि कोटी यांच्यासाठी अटी घालून फॉरमॅट कोडमध्येच लिहून ठेवला, तर फाईल कुठेही उघडली तरी लेबल बदलत नाही.

धरणसाठ्याविषयी मात्र थोडे थांबून सांगायला हवे. कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे आणि चांदोलीच्या वारणा धरणाची ३४.४० टीएमसी. दोन्ही स्तंभ शेजारी उभे करून त्यांवर फक्त टक्केवारीची लेबले लावली, तर नव्वद टक्के आणि नव्वद टक्के ही बरोबरी वाटते, पण एकीकडे ते सुमारे ९५ टीएमसी पाणी असते आणि दुसरीकडे सुमारे ३१. सातारा जिल्ह्यातून सोडलेले पाणी सांगलीला कधी आणि किती येईल याचा अंदाज घेणाऱ्याला टीएमसीचा आकडाच लागतो. म्हणून लेबलात दोन्ही असावेत, “७५ टीएमसी, ७१ टक्के” असे. भरलेला भाग आणि रिकामा भाग एकावर एक रचून दाखवणाऱ्या स्तंभालेखात एक्सेल लेबल स्तंभाच्या माथ्याबाहेर ठेवू देत नाही. कोडने तसे सांगितले, तर मॅक्रो चूक दाखवून थांबतो. अशा वेळी एकूण क्षमतेची रेषारूपी मालिका घालून, ती रेषा अदृश्य करून, तिची लेबले वर ठेवता येतात.

एक्सेल विकत घेणे शक्य नसलेल्यांना पायथन भाषेतील ‘एक्सएलएसएक्स रायटर’ हे मोफत साधन उपयोगी आहे. ते आधीची फाईल दुरुस्त करत नाही, दर वेळी नवी फाईल बनवते, आणि या कामाला तेच बरे, कारण जुने लेबल मागे राहण्याची शक्यताच उरत नाही. ‘ओपनपायएक्सेल’ हे पायथनमधलेच दुसरे साधन वापरताना लेबलात मूल्य हवे एवढेच सांगून भागत नाही. मालिकेचे नाव नको, वर्गाचे नाव नको, हेही स्पष्ट लिहावे, नाहीतर प्रत्येक बिंदूवर या सगळ्यांची गर्दी झालेली मी पाहिली आहे.

आपणास विनंती अशी की, येत्या पावसाळ्यापासून पाणीपातळीच्या आलेखावरील प्रत्येक लेबल फूट आणि इंचांत असावे, शेवटच्या नोंदीच्या लेबलात तिची वेळही असावी, आणि कार्यालयांकडून आलेखाचे चित्र न मागवता आकड्यांचा तक्ता मागवून आलेख आपल्याच संपादकीय विभागात काढला जावा. चार रकान्यांचा तक्ता आणि वर सांगितलेल्या तपासण्यांसह लिहिलेला मॅक्रो मी आपल्या सांगली कार्यालयात आणून देऊ शकते. तो चालवण्यासाठी कोड येण्याची गरज नाही, फूट आणि इंच भरून एक बटण दाबावे लागते. रात्रपाळीच्या सहकाऱ्यांना दाखवायचे असल्यास मी संध्याकाळी सहानंतर येऊ शकेन.

कळावे,
आपली विश्वासू,
नदीकाठची एक वाचक, सांगली