लालसरी उतरल्यात

सोलापूर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

गड्ड्याच्या जत्रेला येणार आहात असं वहिनींकडून कळलं, फार बरं वाटलं. यायचंच तर एक दिवस जास्तीचा काढून ये. हिप्परग्याच्या तलावावर लालसरी उतरल्यात, आणि त्या तुला दाखवल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

मागे तू म्हणालास, "ही लालसरी बदकं नुसती झोपाच काढतात की रे!" दिवसा दिसतं खरं तसंच. तलावाच्या मध्यावर अख्खा थवा माना मागे वळवून, चोची पिसांत खुपसून तरंगत असतो. पण दत्ता, ती रात्रपाळीनंतरची झोप आहे. लालसरी बरेचदा रात्री चरते. बुडी मारून तळातले कोंब, मुळं, बिया, गोगलगायी, किड्यांच्या अळ्या खाते. एक ते तीन मीटर पाणी तिला मानवतं. इंग्रजांनी १८७१ साली पुरा केलेल्या या तलावाच्या उथळ बाजूला तसं पाणी मिळतं.

नर चटकन ओळखू येतो. डोकं नि मान विटकरी, डोळा लाल, छाती काळी. दुर्बिणीतून राखाडी पाठीवरच्या केसाएवढ्या बारीक रेघाही दिसतात. मादी तपकिरी, साधी. उत्तर युरोपात हिवाळ्यात नर जास्त असतात, माद्या त्यांच्यापेक्षा दक्षिणेला जातात. हे वाचल्यापासून मी इथल्या थव्यातही आधी माद्या शोधतो.

दिवसा एखादी चरताना दिसली तर नशीब. जागच्या जागी लहानशी उसळी घेते नि सुळकन आत. पाणी मिटतं, वर्तुळं विरतात, आणि ही भलतीकडेच वर येते. पाय अंगाच्या पार मागे, म्हणून बुडीला जोर. पण उडायचं तर आधी पाण्यावरून धावावं लागतं. कुणी हौसेनं होडी जवळ नेली की सगळ्या थव्याला ती धाव घ्यावी लागते. पुढे मध्य आशिया, सैबेरियापर्यंत परतायचं असतं, त्यासाठी अंगात साठवलेली चरबी अशी फुकट जाते. मला याचा फार राग येतो. २०१५ पासून ही जात जगभरासाठी 'असुरक्षित' गणली जाते, तिला इथे चार महिने तरी निवांत झोपू द्यायला नको का?

तर सकाळी लवकर निघू. तुळजापूर रोडला गाडी लावून काठावरूनच बघू, हुरडा नंतर. मुलांना पांढरे, भडक कपडे नकोत आणि तिथे आरडाओरडा नको, एवढं आधीच सांगून ठेव.

तुझा,
शिवा