गायक बदलला, पट्टी कोण बदलणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रॉक बँडचा मुख्य गायक बदलला की 'चाहत्यांनी नव्याला नाकारले' किंवा 'स्वीकारले' एवढ्यावर लेख संपवायची पद्धत पडली आहे. आपल्या पुरवणीतल्या लेखाचा सूरही तसाच होता. चाहते हट्टी असतात हे मान्य. पण नवा गायक टिकेल की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा तालमीच्या खोलीतच लागलेला असतो आणि तो लावतात गिटारवादक.

गायक ब्रूस डिकिन्सन 1993 मध्ये आयर्न मेडन या ब्रिटिश बँडमधून बाहेर पडला. पुढच्या वर्षी त्याच्या जागी ब्लेझ बेली आला. डिकिन्सनचा आवाज चढा, तार सप्तकात सहज मुक्काम करणारा. बेलीचा ढाला, बॅरिटोन जातीचा. बँडने गिटारी होत्या त्याच सुरात ठेवल्या आणि डिकिन्सनची गाणी बेलीला मूळ पट्टीत गायला लावली. मग व्हायचे तेच झाले. वरचे सूर लागेनात, दौऱ्यात आवाज बसू लागला, काही कार्यक्रम रद्द करावे लागले. 1999 मध्ये बेलीला निरोप मिळाला आणि डिकिन्सन परत आला. लोकांना बेलीच नको होता असे म्हणावे, तर त्याच्या काळातली 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' ही दोन्ही गाणी 2018 च्या दौऱ्यातही डिकिन्सन गात होता आणि प्रेक्षक त्याच्याबरोबर गात होते. गाणी त्याच्या आवाजाच्या मापाने बेतलेली होती तिथे बेली कमी पडला नव्हता. त्या माणसावर अन्याय झाला, असे मला ठामपणे वाटते.

मग पट्टी का उतरवत नाहीत? कारण ते पेटीवर दुसरी पट्टी धरण्याइतके सोपे नसते. रॉकमधल्या असंख्य रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, गिटारच्या सर्वांत जाड, मोकळ्या तारेवर उभ्या असतात. ती तार ई म्हणजे पांढरी तीनमध्ये लागते. गाणे वर न्यायचे तर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावता येतो. खाली आणायचे तर सहाही तारा उतरवाव्या लागतात, कारण मोकळ्या तारेच्या खाली फ्रेट म्हणजे दांडीवरचा पडदाच नसतो. अर्धा स्वर उतरवला तर फारसे बिघडत नाही आणि बहुतेक श्रोत्यांच्या ते लक्षातही येत नाही. पूर्ण स्वर उतरवला की 10-46 मापाच्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) नेहमीच्या तारा सैल पडतात, फ्रेटवर खरखरतात आणि जोरात छेडल्या की क्षणभर बेसूर होतात. त्यासाठी 11 पासून सुरू होणारा जाड संच चढवायचा, मग गिटारच्या मानेचा (दांडीचा) ताण आणि ब्रिजवरची, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवरची, प्रत्येक तारेची लांबी पुन्हा जुळवायची. स्प्रिंगवर तरंगणारा ब्रिज असेल तर एका तारेचा ताण बदलला की बाकीच्या पाचही हलतात. म्हणून दौऱ्यावर अशा गाण्यांसाठी गिटारींचा वेगळा संच न्यावा लागतो. कीबोर्डचे ध्वनिनमुने आणि आधी रेकॉर्ड केलेले तुकडेही तेवढेच उतरवावे लागतात. त्यातला एक जरी विसरला तरी गाणे पहिल्या ओळीलाच कोसळते.

निवड-चाचणीतही हमखास एक चूक होते. उमेदवाराला सर्वांत वरचा सूर लागतो का, एवढेच पाहतात. तो सूर गाण्यात एकदाच येतो. चाल मात्र त्याच्या दोन-तीन स्वर खाली सारखी घुटमळत असते आणि गळा थकतो तो तिथे. एका गाण्यात चमकलेला गायक दीड तासाच्या, सलग तिसऱ्या रात्रीच्या कार्यक्रमात ढेपाळतो तो यामुळेच. चाचणी घ्यायची तर दहा-बारा गाणी ओळीने गाऊन झाल्यावर, अवघड गाणे शेवटी ठेवून घ्यावी.

गळा पुरेसा असला तरी प्रश्न सुटतोच असे नाही. जुडास प्रीस्ट या बँडने 1996 मध्ये टिम 'रिपर' ओवेन्सला घेतले. तो प्रीस्टचीच गाणी सादर करणाऱ्या बँडमधून आलेला, प्रीस्टचा आधीचा गायक रॉब हॅलफर्डच्या सगळ्या किंकाळ्या त्याच्या गळ्यात होत्या. पण 'जगुलेटर' या अल्बमची गाणी टिप्टन आणि डाउनिंग या दोन गिटारवादकांनीच लिहिली. ओवेन्सला स्वतःचे असे काही मिळाले नाही. शिवाय हॅलफर्ड हयात होता, गात होता. चाहते वाट पाहत राहिले आणि 2003 मध्ये तो परतलाही.

याच्या उलट ब्लॅक सबाथ. गायक ऑझी ऑझबर्नला 1979 मध्ये काढले, तोही तेव्हा हयात आणि लोकप्रिय होता. पण रॉनी जेम्स डिओ आल्यावर गिटारवादक टोनी आयोमीने गाण्याची बांधणीच बदलली. ऑझी बरेचदा रिफच्याच वळणाने गायचा. डिओ रिफला छेद देऊन स्वतःची चाल घ्यायचा. त्यामुळे रिफमध्ये त्याला जागा सोडावी लागली, स्वरमेळ वाढवावा लागला. 1980 च्या 'हेवन अँड हेल'मध्ये हे स्पष्ट ऐकू येते. ऑझीचा जप करणारे होतेच, पण या अल्बमला स्वतःचा श्रोता मिळाला.

एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट 19 फेब्रुवारी 1980 रोजी गेला आणि 25 जुलैला ब्रायन जॉन्सनच्या आवाजात 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम आला. संपूर्ण काळे मुखपृष्ठ, सुरुवातीला घंटेचे संथ टोले. बँडने आधी उघडपणे शोक पाळला आणि मग जॉन्सनच्या चिरक्या, ताणलेल्या आवाजासाठी सगळीच्या सगळी नवी गाणी दिली. चाहत्यांना तुलना करायची तर एकाच गाण्याची दोन रूपे समोर नव्हतीच. क्वीनने निराळा मार्ग धरला. पॉल रॉजर्स असो की अ‍ॅडम लॅम्बर्ट, पाहुण्याचे नाव अधिक चिन्हाने जोडले, दिवंगत गायक फ्रेडी मर्क्युरीची जागा भरल्याचा दावा केला नाही. त्या एका चिन्हाने निम्मे भांडण मिटले.

लिंकिन पार्क या बँडच्या नव्या गायिकेवरून आजही वाद चालू आहे. त्यात एक बारकावा हरवतो. 5 सप्टेंबर 2024 रोजी एमिली आर्मस्ट्राँगला समोर आणताना बँडने दिवंगत गायक चेस्टर बेनिंग्टनच्या गाण्याने सुरुवात केली नाही. नव्या गाण्याने केली. त्यात पहिले कडवे आणि धृपद बँडमधल्याच माइक शिनोडाच्या ओळखीच्या आवाजात येते, आर्मस्ट्राँग दुसऱ्या कडव्याला शिरते. कानाला जुना हात धरून नव्या खोलीत नेल्यासारखे ते आहे. हे विचारपूर्वक केलेले काम आहे आणि ज्यांना ती पसंत नाही त्यांनीही त्याची दखल घ्यावी.

आपल्या समीक्षकांना विनंती एवढीच की, नव्या गायकाच्या मैफलीबद्दल लिहिताना जुनी गाणी मूळ पट्टीत होती की उतरवलेली, किती उतरवलेली, आणि वीस गाण्यांपैकी त्याची स्वतःची किती, हेही छापावे. मूळ ध्वनिमुद्रण लावून पेटीवर षड्ज शोधला की पाच मिनिटांत कळते.

आपला,
एक नियमित वाचक