डिंको सिंग यांच्यासाठी केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

१० जून २०२१ रोजी बॉक्सर डिंको सिंग गेले. वय अवघे ४२. यकृताच्या कर्करोगाशी ते काही वर्षे झुंजत होते. तेव्हा पंतप्रधानांपासून सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली. मला बोलायचे आहे ते त्याआधीच्या वर्षांबद्दल.

इम्फाळ पूर्व जिल्ह्यातल्या सेक्ता गावात जन्मलेला हा मुलगा. घरची परिस्थिती इतकी बिकट की बालपण अनाथाश्रमात गेले. तिथून भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या प्रशिक्षकांच्या नजरेत भरला आणि पुढे नौदलात लागला. १९९८च्या बँकॉक आशियाई स्पर्धेसाठीच्या संघातून आधी त्याला वगळले होते. मग घेतले, आणि त्याने काय केले? उपांत्य फेरीत थायलंडच्या बॉक्सरला त्याच्याच प्रेक्षकांसमोर हरवले. अंतिम फेरीत उझबेकिस्तानच्या तिमूर तुल्याकोव्हवर ठोशांचा असा मारा केला की चौथ्या फेरीनंतर तुल्याकोव्ह पुढे खेळूच शकला नाही. ५४ किलो गटाचे सुवर्णपदक! १९८२मध्ये कौर सिंग यांनी जिंकल्यानंतर बॉक्सिंगमध्ये आशियाई सुवर्ण मिळायला आपल्याला सोळा वर्षे लागली होती.

त्या एका पदकाने मणिपूरमध्ये काय घडवले, ते आपण जाणताच. मेरी कोम यांनी डिंकोंकडे पाहूनच ग्लोव्हज चढवले, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. डिंको स्वतःही पुढे इम्फाळमध्ये मुलांना शिकवत राहिले. अर्जुन पुरस्कार मिळाला, २०१३मध्ये पद्मश्री मिळाली. सन्मानात सरकारने कसूर केली नाही, हे मान्यच करायला हवे.

पण आजारपण आले आणि उपचारांसाठी राहते घर विकायची पाळी आली. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीत, बॉक्सिंग महासंघाने धावपळ करून त्यांना हवाई रुग्णवाहिकेने दिल्लीला आणले. कावीळ झाल्यामुळे रेडिएशन देता आले नाही. परत जाताना विमान नव्हते. कर्करोगाने पोखरलेला हा माणूस रुग्णवाहिकेत पडून सुमारे २४०० किलोमीटर रस्त्याने मणिपूरला पोहोचला आणि तिथे त्याला करोना झाल्याचे कळले. त्यातूनही तो बरा झाला, ही त्याची जिद्द. एका आशियाई विजेत्याच्या वाट्याला हा प्रवास यावा, याचे मला आजही फार वाईट वाटते.

कौर सिंग यांचेही तेच. सैन्यातले जवान, पद्मश्री, दिल्लीत मुहम्मद अली यांच्यासोबत प्रदर्शनीय लढत खेळलेले. हृदयविकारासाठी त्यांना कर्ज काढावे लागले. ती बातमी वर्तमानपत्रांत आली, तेव्हा २०१७मध्ये केंद्राची मदत मंजूर झाली. २०२३मध्ये तेही गेले. आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना यात खाशाबा जाधव आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांना अर्जुन पुरस्कारसुद्धा मरणोत्तर मिळाला.

पदकविजेत्यांसाठी निवृत्तिवेतन आहे, पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाचा खेळाडू कल्याण निधीही आहे. निधीची मदत मिळते, पण अर्ज केल्यावर. आजारी माणसाने, तेही सेक्तासारख्या गावातून, कागद जमवायचे, अर्ज करायचा आणि मंजुरीची वाट पाहायची. ज्याच्यासाठी कुणी पत्रकार लिहीत नाही, ज्याला ट्विटर माहीत नाही, त्याचे काय होत असेल?

माझी मागणी एकच आहे. आशियाई, राष्ट्रकुल आणि ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या प्रत्येक खेळाडूला पदकाबरोबरच आयुष्यभराच्या रोकडरहित उपचारांचे कार्ड द्या. अर्ज नको, उत्पन्नाचा दाखला नको. पदकविजेत्यांची यादी आपल्या मंत्रालयाकडे आहेच. ईशान्येतल्या खेळाडूला दिल्ली किंवा मुंबईला उपचारांसाठी यावे लागले, तर त्याचा आणि सोबतच्या एका माणसाचा प्रवास व राहण्याचा खर्चही त्यातच धरा. आणि सुरुवात हयात असलेल्या जुन्या विजेत्यांपासून करा. त्यांतले बरेच जण आता साठीच्या पुढे गेले आहेत.

या योजनेला डिंको सिंग यांचे नाव द्यावे, अशी विनंती आहे. नाव दिले नाही तरी चालेल, पण कार्ड येत्या आशियाई स्पर्धेआधी खेळाडूंच्या हातात पडू द्या.

आपला नम्र,
एक बॉक्सिंगप्रेमी, पुणे